जमेल त्याच्या निम्मं

४ जानेवारी

आज मी एक तास दहा मिनिटं काहीही केलं नाही, आणि याला उपचार म्हणतात.

डॉक्टरांचं म्हणणं, तापानं मला आतून पोखरलंय. ताप जाऊन सात महिने झाले. रक्त, फोटो, सगळं स्वच्छ. तरी जिना चढताना मी मधल्या पायरीवर बसते. जास्त काम केलं तर त्या दिवशी काही होत नाही, ते होतं परवा. परवा अंग असं गळतं की पाण्याचा पेलाही दोन हातांनी धरावा लागतो. यावर गोळी नाही म्हणाले. "योगोपचारांच्या बाईंकडे जा. ताकद कशी जमवायची आणि कशी पुरवायची ते शिकवतील."

मला शिकवणार! एकोणतीस वर्षं बाइंडिंगचं दुकान चालवतेय. चार माणसांचं काम एकटीनं उरकून पाचव्याला नावं ठेवलेली बाई मी.

किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावर बाईंची खोली आहे. खालून कानस घासल्याचा आवाज येत राहतो, दात शिवशिवतात. बाई साठीच्या. जमिनीवर लेकरं झोपली आहेत अशा बेतानं चालतात. मी मनात त्यांचं नाव गोगलगाय ठेवलं.

पाठीवर पडायचं, गुडघे उभे, श्वास घेत हात डोक्यामागे न्यायचे, सोडत खाली आणायचे. मी बारा वेळा केलं.

"किती जमले असते?" बाईंनी विचारलं.

"पन्नास."

"बाराव्याला तुमचा श्वास अडकला. म्हणजे बारा जमतात. म्हणजे उद्यापासून सहा."

"सहा?"

"जमेल त्याच्या निम्मं. बऱ्या दिवशीसुद्धा तेवढंच. बऱ्या दिवशी तर मुद्दाम तेवढंच."

मग एक तक्ता दिला. रोज काय केलं आणि दहापैकी किती थकवा आला, ते त्यात भरायचं. "आणि मनातलं लिहावंसं वाटलं तर वेगळी वही ठेवा," म्हणाल्या, "ती मी मागणार नाही."

म्हणून ही वही. दुकानात उरलेल्या कागदांची मीच बांधली. शिलाई करून झाल्यावर अर्धा तास आडवी पडले, पण ते तक्त्यात लिहिणार नाही.

६ जानेवारी

तक्त्यात थकवा ३ लिहिला. इथे खरं लिहिते: ७.

११ जानेवारी

आज जीव हरखला. शाळेच्या मुख्याध्यापिका दुकानात आल्या. शाळेला शंभर वर्षं होताहेत. मुलांच्या नावनोंदणीची जुनी रजिस्टरं, एकूण अडतीस, नव्यानं बांधून हवीत. वीस मार्चला प्रदर्शन आहे. पहिलं रजिस्टर उघडलं तर शाई तपकिरी झालेली, कागद वाळलेल्या पानासारखा. अक्षर असं की वाचताना आवाज खाली येतो.

धाकटी बहीण माझ्यामागे उभी होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आम्हाला नाही जमणार हो."

मी म्हटलं, "जमेल."

त्या गेल्यावर चांगलीच जुंपली. धाकटी म्हणाली, "ताई, अडतीस? तुला तीन पायऱ्या चढवत नाहीत."

"मी चढणार नाहीये, शिवणार आहे."

"तू नाही शिवणार. मीच शिवणार," एवढं बोलून ती पुठ्ठे मोजायला निघून गेली.

धाकटीबद्दल लिहायला हवं, नाहीतर माझ्यावर अन्याय होईल. ती जमीन-मोजणीच्या कचेरीत नकाशे काढते. केसाएवढी रेघ हातानं ओढते, पट्टी न लावता. मी आजारी पडले तेव्हा पंधरा दिवसांसाठी आली होती, ती अजून इथेच आहे. मार्चअखेरपर्यंत बिनपगारी रजा आहे म्हणते. मला कधीकधी वाटतं, तिला इथे आवडायला लागलंय. गल्ल्यावर माझ्या खुर्चीत बसते, गिऱ्हाइकांशी माझ्यासारखं बोलते. मी अजून मेले नाहीये.

१५ जानेवारी

गोगलगायीला फसवायचं तंत्र मला सापडलं. वर्गात सहा. घरी येऊन दार लावून तीस. गेले चार दिवस करतेय आणि काहीही झालेलं नाही! भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं, तेही ती दहा मोजते, मी चाळीस. आज धाकटी बाजारात गेली तेवढ्यात दोन रजिस्टरांचे फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, सोडवून शिवून टाकले. दाभण हातात धरली की मी मी असते.

परत आल्यावर तिनं शिवलेलं पाहिलं. शाबासकी नाही. उलट कटिंग मशीनचा दांडा काढून कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. म्हटलं, "हे काय?"

"काही नाही. मशीनला तेल घालायचंय."

दांडा काढून तेल घालतात हे मी आज पहिल्यांदा ऐकलं.

तक्ता: २.

१७ जानेवारी

परवा आला.

२० जानेवारी

तीन दिवस छताकडे बघत काढले. आज उठून बसले. धाकटीनं भरवलं, मी तोंड फिरवलं, तिनं परत भरवलं. तिच्या हातून चमचा दोनदा निसटला. वैतागली असेल. मी असते तर मीही वैतागले असते.

२५ जानेवारी

बाईंकडे गेले. तक्ता समोर ठेवला. दोन, तीन, दोन, मग तीन रिकामी घरं.

त्यांनी त्या रिकाम्या घरांवर बोट ठेवलं. "इथे काय झालं?"

"पाहुणे आले होते."

"असं," त्या म्हणाल्या. तक्ता घडी घालून मला परत दिला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. मग म्हणाल्या, "पडून राहिलात की काय होतं तुम्हाला?"

"कंटाळा येतो."

"आणि?"

आणि काय? सांगून टाकलं की आमचे बाबा शेवटचे अकरा महिने आडवे होते. शेवटी त्यांना विचारायला कुणी येईना. दुकानाचे निर्णय मीच घ्यायचे, त्यांना सांगायचेसुद्धा नाही. एकदा त्यांनी हाक मारून विचारलं होतं, आज काय बांधलं? मी म्हटलं, नंतर सांगते. एवढंच. याचा माझ्या थकव्याशी काही संबंध नाही, बाईंनी उगीच विषय काढला.

त्यानंतर पायाखाली घडी घातलेलं पांघरूण ठेवून त्यांनी मला पाऊण तास पडू दिलं. खाली कानस चालू होती. मी छताच्या वाशांची संख्या मोजली, मग त्यांना ठोकलेले खिळे. पाऊण तासात माझा पाय सतरा वेळा हलला, असं बाईंनी सांगितलं. म्हणजे त्याही मोजत होत्या!

२ फेब्रुवारी

आठ दिवस प्रामाणिकपणे सहाच केले. तक्त्यात खरे आकडे: ६, ६, ५, ६, ५, ५, ४, ४. कामही वीस मिनिटं, मग वीस मिनिटं आडवं. चिडचिडीनं जीव नुसता वरखाली होतो, पण परवा काही आला नाही. जिना एका दमात चढले. वर पोचल्यावर कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून परत खाली आले. ते मात्र चुकलं.

धाकटी हळू झालीय. तेरा रजिस्टरं शिवून झाली, पण आता दिवसाला एकसुद्धा होत नाही. टाके सैल पडताहेत. दोनदा उसवून परत शिवायला लावले मी. चहा डाव्या हातानं पिते, उजव्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं. विचारलं तर "थंडी" म्हणाली. इतकी थंडी कुठे आहे? नकाशेवाल्यांचे नखरे.

९ फेब्रुवारी

आज वर्गात गंमत झाली. माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर असतात, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले. पाठीवर पडून कंबर उचलायची होती, तीन श्वास. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. तीन झाले, ते खाली येईनात. मग मी कशी येऊ? सात झाले, आठ झाले. त्यांचा चेहरा लाल, माझ्या मांड्या लटलटताहेत. बाई येऊन दोघांच्या मध्ये बसल्या आणि म्हणाल्या, "टपाल पोचलं. आता खाली या."

पोस्टमास्तर आधी खाली आले. म्हणजे जिंकले मीच.

बाहेर पायरीवर चपला घालताना ते म्हणाले, "मला मुलगा-सून रोज विचारतात, बाबा आज बरं वाटतंय ना? हो म्हणावंच लागतं. इथे तरी कशाला करतो हे मी, देव जाणे." मला त्यांचा राग आला. जाता जाता माणूस असं काही बोलून जातो आणि मग दिवसभर ते आपल्यालाच चावत राहतं.

१२ फेब्रुवारी

आज अक्षर नीट येणार नाही.

धाकटी सकाळी "कचेरीत जाऊन येते" म्हणून गेली. कपाटाची किल्ली विसरली, खुंटीवर होती. शिवून झालेल्या सहा रजिस्टरांच्या कडा कापायच्या राहिल्या होत्या. काल रात्री गाढ झोप लागलेली, अंग हलकं. मला वाटलं, ती येईपर्यंत सहाच्या सहा उरकून ठेवते. बघू दे तिला.

दांडा बसवला. पहिली चार सुरेख झाली. तिथे वीस मिनिटं होऊन गेली होती, मला माहीत होतं. घड्याळ समोरच आहे. पाचवं ठेवताना मशीनला टेकून उभं राहावं लागलं. किती कापलं जाईल ते ठरवणारी मागची पट्टी सरकवायची राहिली. राहिली म्हणजे, सरकवली असं मला वाटलं. दांडा ओढला.

कापलेला तुकडा खाली पडला तेव्हाच कळलं. एवढी रुंद पट्टी कधी पडत नाही. उचलून पाहिली तर तिच्यावर अक्षरं होती.

त्या रजिस्टरात उजवीकडचा शेवटचा रकाना आहे: मूल शाळा सोडून का गेलं. एकशे दहा पानांवरचा तो रकाना मी कापून टाकला. पट्ट्या जमिनीवर पसरल्या. "घरकामासाठी." "गाव बदललं." "वारली." "वारला." "कारण कळलं नाही." मी तिथेच फरशीवर बसले. उठता येईना, आणि पट्ट्या वाऱ्यानं हलत होत्या म्हणून हातानं दाबून धरल्या.

धाकटी दुपारी आली. ओरडली नाही. दार लावलं, पंखा बंद केला, आणि गुडघ्यांवर बसून पट्ट्या एकेक गोळा करायला लागली. डाव्या हातानं.

१४ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही. आज पलंगावरून लिहितेय, चार ओळी लिहून थांबत.

काल संध्याकाळी धाकटीनं पातळ खळ केली, झिरझिरीत कागद कापला आणि पहिली पट्टी पानाला जोडायला घेतली. मी दारातल्या खुर्चीत पांघरूण घेऊन बसले होते. तिनं ब्रश उजव्या हातात धरला आणि तो पडला. उचलला, परत पडला. तिसऱ्यांदा तिनं तो मुठीत पकडला, लहान मूल खडू धरतं तसा. माझी बहीण, केसाएवढी रेघ ओढणारी.

मी म्हटलं, "इकडे ये. हात दाखव."

"काही नाही गं."

"दाखव म्हणते ना."

फडकं सोडलं. अंगठ्याच्या मुळाशी मांस खोलगट झालेलं. मी तिच्या बोटांवर दाभणीचं टोक हळूच टेकवलं, अंगठा, पहिलं, मधलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिला कळलंच नाही मी टोचतेय ते.

त्या सकाळी ती कचेरीत गेलीच नव्हती, इस्पितळात गेली होती. मनगटात नस दबली आहे. शिलाई करून, दाभण दाबून दाबून. डिसेंबरपासून मुंग्या येताहेत. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. आता शस्त्रक्रिया, आणि पुन्हा पूर्वीसारखी रेघ ओढता येईल का ते सांगता येत नाही.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू उठली असतीस."

  

१७ फेब्रुवारी

शाळेत गेले. धाकटी म्हणाली मी येते, मी नको म्हटलं. एरवी सात मिनिटांचा रस्ता. आज चार वेळा बसले: न्हाव्याच्या बाकावर, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर, एका अनोळखी घराच्या पायरीवर, आणि शाळेच्या दारातच. लोक बघत होते. बघू देत.

मुख्याध्यापिकांसमोर रजिस्टर ठेवलं, पट्ट्यांचं पाकीट ठेवलं. म्हटलं, "मी कापलं. मशीन बिघडलं नव्हतं. मला उभं राहवत नव्हतं आणि मी थांबले नाही."

त्यांनी एक पट्टी काढून वाचली. दुसरी वाचली.  "यातली काही मुलं अजून हयात आहेत," त्या म्हणाल्या. "एक आजोबा येतात, आपल्या बहिणीचं नाव बघायला. ती याच रजिस्टरात आहे."

मी माफी मागितली नाही. माफ करा म्हणाले असते तर त्यांना 'असू दे' म्हणावं लागलं असतं.

पट्ट्या पाकिटात परत ठेवून त्या म्हणाल्या, "न शिवलेली बावीस परत पाठवा. प्रदर्शनात आहेत तशीच ठेवू. हे मात्र तुम्हीच जोडायचं. आणि आत एक पान लावा. काय झालं, कधी, कुणाच्या हातून. नोंद हवी."

एकोणतीस वर्षांत माझ्या दुकानातून काम परत गेलं नव्हतं. घरी येताना सहा वेळा बसले.

१८ फेब्रुवारी

बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. खोटे आकडे, दार लावून तीस, पाहुणे, कटिंग. मला वाटलं, आता म्हणतील मी सांगत होते. त्या म्हणाल्या, "एका पट्टीला किती वेळ लागतो?"

"नीट केली तर चार मिनिटं."

"सलग किती जमतील?"

मी दहा म्हणणार होते. "आठ."

"मग चार."

"एकशे दहा पट्ट्या आहेत! तुम्ही मला वेड लावणार आहात."

"चार सकाळी. खुर्चीत बसून, कोपरं टेकून. मग आडवं. बरं वाटलं तर चार दुपारी. पाचवी करावीशी वाटेल, तेव्हा हात मांडीवर ठेवायचे आणि ती इच्छा किती वेळ टिकते ते बघायचं."

बघितलं. साडेसहा मिनिटं टिकते.

२४ फेब्रुवारी

बेचाळीस पट्ट्या झाल्या. धाकटी डाव्या हातानं पानावर कागद दाबून धरते, मी खळ लावते. दोघींचा मिळून एक धड माणूस होतो. ती म्हणाली, "तुझी खुर्ची तुला लखलाभ, मला या दुकानाचा वास सहन होत नाही. पहिल्या दिवसापासून." मी म्हटलं, "मग नाक का नाही मुरडलंस?" म्हणाली, "तू बघत कुठे होतीस."

कचेरीचं पत्र आलंय. एक एप्रिलला रुजू व्हा, नाहीतर जागा भरू. ती ते पत्र पुठ्ठ्यांखाली ठेवत होती, मी पाहिलं. पत्र मागून घेतलं आणि शस्त्रक्रिया आहे, मुदत वाढवून द्या, असा उत्तराचा मसुदा मी लिहिला, सही तिनं केली. डाव्या हाताची सही बघून आम्ही दोघी हसलो आणि मग हसू थांबलं.

६ मार्च

धाकटीची शस्त्रक्रिया आज होती. सकाळी आठला आत नेणार, बाराला बाहेर, मग दुपारी घरी. माझ्या अंगात आज किती आहे ते मला आता कळतं. सकाळपासून इस्पितळात बसले असते तर दुपारी मी तिला सांभाळू शकले नसते. उलट तिनंच मला सांभाळलं असतं.

म्हणून सकाळी पोस्टमास्तर गेले तिच्याबरोबर. दारात मी तिला म्हटलं, "मी बाराला येते." ती "बरं" म्हणाली, पण रिक्षात बसताना एकदा मागे वळून पाहिलं.

मी आत येऊन पलंगावर पडले. झोप कसली? चार तास अंगावर मुंग्या चालल्यासारखे गेले. तिला आत नेलं असेल, सुई टोचली असेल, ती कुणाला शोधत असेल. तीनदा उठून चपला घातल्या, तीनदा काढल्या. आयुष्यात इतकं कष्टाचं काम केलेलं नाही.

बाराला पाच कमी असताना मी तिच्या दारासमोर उभी होते. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा, हात बँडेजमध्ये गुंडाळलेला. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "उभी आहेस."

"उभी आहे."

तिची पिशवी मी घेतली. घरापर्यंत मीच नेली.

९ मार्च

शेवटच्या सहा पट्ट्या राहिल्यात. उद्या चार, परवा दोन. आतलं पानही लिहायचंय. तीन कच्चे कागद फाडले, प्रत्येक वेळी मी स्वतःची बाजू मांडायला लागते.

धाकटीच्या बोटांना अजून जाण नाही. डॉक्टर म्हणतात महिने लागतील, कदाचित पूर्ण येणार नाही. ती चिडते, बोटं वाकवायचा व्यायाम दहा सांगितलाय तर वीस करते. मी पकडलं. "कुणावर गेलीयेस?" म्हटलं. तिनं उशी फेकून मारली, डाव्या हातानं, नेम चुकला.

संध्याकाळी ती केस घेऊन झटापट करत होती. एका हातानं वेणी होत नाही. मी तिला पलंगाशी जमिनीवर बसवलं, मागे पलंगावर मी बसले, तीन पेड केले. अर्ध्यावर आले आणि माझे खांदे भरून आले. पूर्वी मी दात आवळून पुढे ओढलं असतं, तिचे केसही ओढले असते.

"थांब," मी म्हटलं.

"बरं."

ती सुटणारे पेड डाव्या मुठीत धरून बसली. मी मागे टेकले. डोळे मिटवत नव्हते; खाली दुकानात खळीचं भांडं धुवायचं राहिलंय हे मला आठवत होतं, तिलाही आठवत असणार. दोघींपैकी कुणी उठलं नाही. घड्याळात दहा मिनिटं गेली, मग आणखी दोन.

मग तिनं मूठ मागे केली आणि मी पेड घेतले.